पाळण्याआधीचे पाय

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपल्याकडे म्हणतात. म्हण जुनी आहे आणि ती उच्चारण्याची हौसही मोठी आहे. परंतु पाळण्याच्याही आधी, मातेच्या उदरात जीव रुजण्याच्याही आधी, केवळ दोनचार पेशींचा पुंजका असतानाच पुढच्या जीवनाची काही लक्षणे दिसतात काय, हा प्रश्न कोणी पूर्वी विचारला असता तर त्याची गणना कवीत किंवा ज्योतिषात झाली असती. आज तो प्रयोगशाळेत रोज विचारला जातो आणि त्याच्या उत्तरावर अनेक दांपत्यांच्या आशा अवलंबून असतात.

नोव्हेंबर १९७७ मध्ये इंग्लंडातील ओल्डहॅम या गावी रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि त्यांच्या सहकारी जीन पर्डी यांनी काचेच्या बशीत फलित झालेल्या एका मानवी बीजांडाचे विभाजन सूक्ष्मदर्शकातून पाहिले. एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ पेशी झाल्या आणि आठ पेशींच्या अवस्थेत तो भ्रूण मातेच्या गर्भाशयात ठेवण्यात आला. २५ जुलै १९७८ रोजी जी मुलगी जन्मास आली ती जगातील पहिली 'टेस्ट ट्यूब बेबी'. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉक्टर सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नांनी अशाच एका मुलीचा जन्म झाला. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉक्टर इंदिरा हिंदुजा आणि डॉक्टर टी. सी. आनंदकुमार यांच्या कार्याला तसेच फळ आले. तेव्हापासून भ्रूणाचे पहिले दिवस डोळ्यांनी पाहता येऊ लागले आणि एक गोष्ट ध्यानात आली की, सर्वच भ्रूण नेमाने एकाचे दोन आणि दोनाचे चार होत नाहीत. काहींची सुरुवातच वाकड्या पावलाने होते. ते वाकडे पाऊल कशामुळे पडते, त्याचा भ्रूणाच्या प्रतीवर काय परिणाम होतो, आणि 'प्रत' या शब्दाचा अर्थ येथे कोठवर ताणावा, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम सरळ पावलाची ओळख करून घ्यावी. मानवी बीजांड मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाएवढे असते. पेशींच्या जगात हा आकार प्रचंड होय, कारण पुढच्या काही दिवसांची शिदोरी त्यातच भरलेली असते. फलनानंतर सुमारे एका दिवसाने किंवा थोडे अधिक तास उलटल्यावर पहिले विभाजन होते. दुसऱ्या दिवशी चार पेशी दिसतात, तिसऱ्या दिवशी आठ. चौथ्या दिवशी पेशी एकमेकींना घट्ट बिलगतात आणि भ्रूण तुतीच्या फळासारखा दिसू लागतो. पाचव्या-सहाव्या दिवशी त्याच्या आत द्रवाची पोकळी तयार होते. या अवस्थेला ब्लास्टोसिस्ट म्हणतात. तिच्यात एका बाजूला भावी बाळाच्या पेशींचा लहानसा गट असतो आणि भोवतालच्या पेशींपासून पुढे वार तयार होते.

या विभाजनात एक वैशिष्ट्य आहे. शरीरातील इतर पेशी आधी वाढतात आणि मग विभागतात. भ्रूणाच्या पेशी मात्र वाढत नाहीत, तो सगळा पुंजका पहिल्या एका अंड्याएवढाच राहतो आणि आतल्या आत त्याचे लहान लहान भाग पडत जातात. म्हणून शास्त्रज्ञ या क्रियेला वाढ न म्हणता विदलन म्हणतात. विदलन याचा अर्थ वाटणी. वाटणी म्हटली की दोन प्रश्न उभे राहतातच : वाटा समान झाला काय, आणि कागदपत्रे प्रत्येकाच्या हाती पूर्ण पडली काय?

येथे कागदपत्रे म्हणजे गुणसूत्रे. मानवी पेशीत ती ४६ असतात. त्यांपैकी २३ मातेकडून आणि २३ पित्याकडून आलेली असतात. देहाच्या बांधणीचा आणि कारभाराचा सारा तपशील त्यांत नोंदलेला असतो. एखाद्या तालुका कचेरीचे दोन कचेऱ्यांत विभाजन करावयाचे झाले तर शहाणा अधिकारी काय करील? तो प्रत्येक दप्तराची एक हुबेहूब नक्कल तयार करवील, मग मूळ आणि नक्कल समोरासमोर मांडून एक संच एका कचेरीला आणि दुसरा दुसऱ्या कचेरीला देईल. पेशी नेमके हेच करते. ती आधी प्रत्येक गुणसूत्राची नक्कल करते, या कामाला काही तास लागतात. मग चरख्याच्या चातीसारख्या आकाराची तंतूंची एक रचना उभी राहते, तिला तर्कू म्हणतात. तर्कूला दोन टोके असतात. सर्व गुणसूत्रे मधोमध ओळीने उभी राहतात आणि प्रत्येक जोडीतील एक प्रत एका टोकाकडे, दुसरी दुसऱ्या टोकाकडे ओढली जाते. त्यानंतर मधून पेशी चिमटली जाते आणि एकीच्या दोन होतात. दोघींच्याही हाती पूर्ण दप्तर असते.

आता हा व्यवहार कोठे कोठे बिघडू शकतो हे सहज उमगेल. कधी तर्कूला दोनाऐवजी तीन टोके फुटतात. नकला दोनच संचांच्या आणि वाटेकरी तीन. अशा वाटणीत तिघांपैकी एकाच्याही हाती पूर्ण दप्तर पडण्याची आशा फार थोडी. कधी नक्कल पुरी होण्याआधीच पेशी पुन्हा विभागते. कधी वाटणी ठीक होते, परंतु एखादे गुणसूत्र वाटेत मागे रेंगाळते आणि भलत्याच पेशीत अडकते. कधी केंद्रकाची वाटणी होते पण पेशीची होत नाही, मग एकाच पेशीत दोन किंवा अधिक केंद्रके नांदतात. कधी झालेल्या दोन पेशी पुन्हा एकमेकींत मिसळतात. कधी पेशींच्या कडेने जीवद्रवाचे लहान लहान तुकडे सुटून पडतात. त्यांना खंड म्हणतात आणि भ्रूण खंडित झाला असे म्हणतात. कधी पेशी संख्येने बरोबर पण आकाराने लहानमोठ्या असतात. हे सर्व पहिल्या तीन दिवसांतील विदलनाचे दोष होत. परंतु सर्वांचे वजन सारखे नाही. थोडेसे खंड ही क्षुल्लक बाब असू शकते. तीन टोकांचा तर्कू ही मात्र मुळाशी भिडणारी गोष्ट आहे.

ती मुळाशी का भिडते, याचा उलगडा मानवी भ्रूण काचेखाली येण्याच्या पाऊणशे वर्षे आधी झाला होता. तो केला थिओडोर बोव्हेरी या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने, आणि त्याचे साधन होते सागरी अर्चिन नावाचा, काटेरी गोळ्यासारखा दिसणारा समुद्रप्राणी. नेपल्सच्या सागरकिनारी असलेल्या प्राणिशास्त्रीय संशोधनकेंद्रात बोव्हेरी या प्राण्याची अंडी फलित करून त्यांचे विभाजन पाहत असे. या कामात त्याची पत्नी मार्सेला हीदेखील त्याच्यासोबत होती. शुक्रजंतूंचे प्रमाण जास्त ठेवले की काही अंड्यांत एकाऐवजी दोन शुक्रजंतू शिरतात. अशा अंड्यात गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच होतात आणि तर्कूला दोनाऐवजी चार टोके येतात. परिणामी ते अंडे पहिल्याच वेळी एकदम चार पेशींत फुटते.

या चार पेशींच्या अंड्यांपैकी जवळजवळ सर्वच पुढे विकृत होऊन मरत. येथे सामान्य निरीक्षकाने 'दोन शुक्रजंतू शिरले, म्हणून मेले' असे म्हणून वही मिटली असती. बोव्हेरीने तसे केले नाही. चार पेशी एकमेकींपासून सुट्या केल्या तर काय होते, हे त्याने पाहिले. निरोगी अर्चिनच्या चार पेशी सुट्या केल्या तर प्रत्येकीपासून लहान पण पूर्ण डिंभ तयार होऊ शकतो, हे तेव्हा ठाऊक होते. दोन शुक्रजंतूंच्या अंड्यातील चार पेशी मात्र चार तऱ्हांनी वाढल्या. एक लवकर थांबली, दुसरी थोडी पुढे गेली, तिसरीत एक दोष, चौथीत दुसरा. म्हणजे चौघींना मिळालेला वारसा एकसारखा नव्हता. पुढे त्याने अंडी हलवून अशी व्यवस्था केली की चाराऐवजी तीनच टोके तयार व्हावीत. तेव्हा चार पेशींत फुटलेल्या अंड्यांपेक्षा तीन पेशींत फुटलेल्या अंड्यांपैकी अधिक अंडी नीट वाढली. हिशेब उघड आहे. तेवढीच दप्तरे चौघांऐवजी तिघांत वाटली तर प्रत्येकाला पूर्ण संच मिळण्याची शक्यता वाढते.

१९०२ मध्ये बोव्हेरीने यावरून जो निष्कर्ष मांडला तो आज शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत येतो, पण त्या वेळी तो क्रांतिकारक होता. गुणसूत्रे एकमेकांची बदली करू शकत नाहीत, प्रत्येकाचे काम वेगळे असून निकोप वाढीसाठी संख्या पुरी असून भागत नाही, संच पुरा असावा लागतो. दप्तरखान्यात सातबाराच्या दोन प्रती आहेत म्हणून जन्ममृत्यूच्या नोंदवहीची उणीव भरून निघत नाही, तसेच हे. चुकीच्या विभाजनाचा आणि भ्रूणाच्या प्रतीचा संबंध त्याने अशा रीतीने कायमचा जोडून दिला. पुढे १९१४ मध्ये कर्करोगाच्या गाठींचे मूळही गुणसूत्रांच्या अशाच बिघडलेल्या वाटणीत असावे, असा तर्क त्याने एका ग्रंथात मांडला.

समुद्रातील अर्चिनकडून मानवाकडे वळले असता असे दिसते की, या बाबतीत मानवी भ्रूण विशेष नाजूक आहे. त्याची तीन कारणे सांगता येतील. पहिले असे की, तर्कूची टोके ज्यांच्या आधाराने उभी राहतात ते सूक्ष्म कण, ज्यांना सेंट्रिओल म्हणतात, ते मानवी बीजांडात नसतात, ते शुक्रजंतूबरोबर येतात. तेथे दोष असला किंवा दोन शुक्रजंतू शिरले तर टोकांची संख्या चुकते. म्हणजे पहिल्या वाटणीचा बिघाड केवळ मातेच्या बाजूचाच असतो असे नाही. ज्या समाजात अपत्यहीनतेचा सारा दोष स्त्रीच्या पदरात घालण्याची रीत फार जुनी आहे, त्या समाजाने ही गोष्ट मुद्दाम ध्यानी ठेवण्यासारखी आहे.

दुसरे कारण असे की, पहिल्या दोनतीन दिवसांत भ्रूण स्वतःच्या गुणसूत्रांतील मजकूर फारसा वाचतच नाही. बीजांडात मातेने आधीच भरून ठेवलेल्या सामग्रीवर आणि सूचनांवर त्याचा कारभार चालतो. चार ते आठ पेशींच्या दरम्यान त्याची स्वतःची जनुके जागी होतात, हे १९८८ मध्ये इंग्लंडातील संशोधकांनी दाखवून दिले. तोपर्यंत मातेकडून आलेल्या शिदोरीत उणीव असेल तर ती भरून काढण्याचे साधन भ्रूणापाशी नसते. प्रौढ पेशीत वाटणीच्या वेळी कडक पहारा असतो, एखादे गुणसूत्र जागेवर नसेल तर विभाजन थांबवून ठेवले जाते. भ्रूणाच्या पहिल्या पेशींत हा पहारा ढिला असतो आणि चुका बिनहरकत पुढे सरकतात.

तिसरे कारण पहिल्या विभाजनाच्या आखणीतच आहे. फलनानंतर मातेची आणि पित्याची गुणसूत्रे काही तास दोन वेगळ्या केंद्रकांत राहतात. वाटणीपूर्वी ही दोन्ही केंद्रके शेजारी येतात आणि दोन्हीकडील गुणसूत्रे समोरासमोरच्या बाजूला गोळा होतात. दोन कुटुंबांनी लग्नमंडपात एकमेकांसमोर उभे राहावे, तसे हे दृश्य असते. जर्मनीतील गटिंगेन येथील संशोधकांनी गायीच्या भ्रूणांवर हे निरीक्षण केले आणि मानवी भ्रूणांतही तसेच घडते असे त्यांना आढळले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कार्यातून असे दिसले की, गुणसूत्रांचे हे गोळा होणे अनेकदा फसते, आणि जेथे ते फसते तेथे पुढची वाटणी चुकते.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. स्त्रीच्या वयाबरोबर ज्या चुका वाढतात त्या मुख्यतः बीजांड पक्व होतानाच्या असतात. ती चूक फलनाच्या आधीची असल्याने भ्रूणाच्या प्रत्येक पेशीत उतरते. विदलनातील चूक फलनानंतरची असते, ती काही पेशींत असते आणि काहींत नसते, आणि तिचा वयाशी तितका निकट संबंध आढळत नाही. म्हणून तरुण दांपत्याच्या भ्रूणांतही ती दिसते. बेल्जियममधील लूव्हेन येथील संशोधकांनी २००९ मध्ये पस्तिशीच्या आतील स्त्रियांच्या भ्रूणांची एकेक पेशी सुटी करून तपासली, तेव्हा बहुसंख्य भ्रूणांत काही ना काही पेशींची गुणसूत्रे बिघडलेली निघाली. निसर्गतः होणाऱ्या गर्भधारणेतही कित्येक भ्रूण कोणाला कळण्यापूर्वीच का लोपतात, याचा एक उलगडा येथे मिळतो.

ही वाकडी पावले ओळखावी कशी? पूर्वी प्रयोगशाळेत भ्रूण दिवसातून एकदा ऊबपेटीतून बाहेर काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. त्या एका क्षणी तीन पेशी दिसल्या तर त्याचे दोन अर्थ संभवतात. दोन पेशींपैकी एक आधी विभागली आणि दुसरी थोड्या वेळाने विभागणार, हा एक अर्थ. तो निर्दोष आहे. एका पेशीच्या एकदम तीन झाल्या, हा दुसरा. क्षणचित्रात दोन्ही सारखेच. ऊबपेटीतच कॅमेरा बसवून काही मिनिटांच्या अंतराने छायाचित्रे घेण्याची सोय झाली तेव्हा हा संशय फिटला. भ्रूणाचा सारा प्रवास, त्याला हात न लावता, चित्रपटासारखा पाहता येऊ लागला.

या चित्रपटांतून दोन महत्त्वाची निरीक्षणे पुढे आली. २०१० मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले की, पाचव्या-सहाव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट होणार की नाही याचा बराचसा अंदाज पहिल्या दोन दिवसांतील तीन गोष्टींवरून बांधता येतो. पहिली पेशी चिमटून दुभंगण्यास लागणारा वेळ, जो निकोप भ्रूणात सुमारे १४ मिनिटे असतो. पहिल्या आणि दुसऱ्या विभाजनातील अंतर, जे सुमारे ११ तास असते. आणि दोन पेशी साधारण बरोबरीने, म्हणजे सुमारे तासाभराच्या आत, विभागतात काय ही तिसरी. दुसरे निरीक्षण स्पेनमधील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. ज्या भ्रूणांत दोन पेशींचा टप्पा पाच तासांच्या आत संपून तीन पेशी दिसू लागतात, अशांचे प्रमाण त्यांना शंभरात सुमारे १४ आढळले. गर्भाशयात ठेवल्यावर असे भ्रूण शंभरात जेमतेम १ रुजले. इतरांत हे प्रमाण शंभरात २० होते. कारण वर आलेलेच आहे. जेथे ११ तासांचे काम आहे तेथे पाच तासांत नक्कल पुरी होत नाही, किंवा वाटेकरीच तीन असतात.

येथवर ऐकणाऱ्याला असे वाटेल की प्रश्न सुटला. वाकडे पाऊल पडलेला भ्रूण बाजूला सारावा, सरळ पावलाचा घ्यावा. प्रयोगशाळांनीही प्रतवारीचे नियम ठरवले आहेत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्तंबूल येथील तज्ज्ञपरिषदेच्या निर्णयात कितव्या तासाला किती पेशी असाव्यात आणि शंभरात किती भाग खंड असले तर ते सौम्य, मध्यम वा तीव्र समजावेत, हे नमूद आहे. कापसाची किंवा धान्याची प्रतवारी करावी तशी ही व्यवस्था. ती आवश्यकच आहे, कारण दोन भ्रूणांपैकी आधी कोणता ठेवावा याचा निर्णय कोणाला तरी करावाच लागतो.

परंतु कापसाची प्रत आणि भ्रूणाची प्रत यांत एक मोठा फरक आहे. कापूस प्रतवारीनंतर स्वतःला सुधारीत नाही. भ्रूण सुधारू शकतो. केंब्रिजमधील संशोधकांनी उंदरांच्या भ्रूणांत निम्म्या निर्दोष आणि निम्म्या सदोष पेशी एकत्र केल्या. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात असे दिसले की, ज्या गटापासून पुढे पिल्लू बनते त्या गटातील सदोष पेशी हळूहळू स्वतःच मरून गेल्या, त्यांची जागा निर्दोष पेशींनी घेतली आणि अशा भ्रूणांपासून जिवंत पिल्ले जन्मली. वारेच्या बाजूला मात्र काही सदोष पेशी तग धरून राहिल्या. इटलीतील बोलोन्या येथील निरीक्षणही याला जुळणारे आहे. वाकड्या विभाजनाचे काही मानवी भ्रूण तुतीच्या अवस्थेत येताना काही पेशींना आत न घेता बाहेरच ठेवतात, आणि मग जो ब्लास्टोसिस्ट बनतो त्याची गुणसूत्रे अनेकदा पूर्ण असतात. जणू एकत्र कुटुंबाने आपल्यातील बिघडलेल्या घटकाला उंबऱ्याबाहेर ठेवून घर सावरावे.

माणसांतील अनुभवही हेच सांगतो. काही पेशी सदोष आणि काही निर्दोष आढळलेले भ्रूण पूर्वी सरसकट टाकून देत. रोममधील डॉक्टरांनी असे भ्रूण, दुसरे कोणतेही उपलब्ध नसल्याने, पूर्ण कल्पना देऊन आणि संमती घेऊन १८ स्त्रियांच्या गर्भाशयात ठेवले. २०१५ मध्ये त्यांनी कळवले की त्यांतून सहा निरोगी मुले जन्मली. याहून विलक्षण उदाहरण ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनचे, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले. एका स्त्रीच्या गर्भात एकाच वारेवर वाढणारी जुळी होती. अशी जुळी नेहमी एकाच लिंगाची असतात, येथे मात्र एक मुलगा आणि एक मुलगी होती. तपासणीअंती उलगडले की, एका बीजांडात दोन शुक्रजंतू शिरले होते आणि त्याची वाटणी तीन पेशींत झाली होती. एका पेशीला मातेचा आणि पहिल्या शुक्रजंतूचा संच मिळाला, दुसरीला मातेचा आणि दुसऱ्या शुक्रजंतूचा. तिसरी, जिच्या वाट्याला मातेचे काहीच आले नाही, ती लोपली. बोव्हेरीच्या अर्चिनमध्ये क्वचितच साधणारा योग मानवी उदरात साधला होता. असे उदाहरण लाखांत एखादे, पण नियम म्हणजे निकाल नव्हे हे दाखवण्यास ते पुरेसे आहे.

तात्पर्य, प्रत ही एक शक्यता आहे. 'दुय्यम प्रत' याचा अर्थ एवढाच की, अशा शंभर भ्रूणांपैकी रुजणारे थोडे असतील. समोरचा हा एक भ्रूण रुजेल की नाही हे ती सांगू शकत नाही. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तो रुजून मूल जन्मले तर ते मूल दुय्यम असेल असे ती मुळीच सांगत नाही. खंडित दिसणाऱ्या भ्रूणापासून जन्मलेल्या बाळाच्या अंगावर त्या खंडांची खूण नसते. शक्यता आणि योग्यता या दोन गोष्टी बोलण्याच्या ओघात एक होतात आणि तेथेच दुःखाला सुरुवात होते. वर्षानुवर्षे वाट पाहिलेले एखादे दांपत्य, पदरचे पैसे संपत आलेले, हातात शेवटचा एक भ्रूण, आणि त्याच्या कागदावर हलक्या प्रतीचे अक्षर. त्यांना ते अक्षर आपल्या भावी अपत्यावरचा शेरा वाटते, किंबहुना आपल्या स्वतःवरचा. अशा वेळी त्याचा खरा अर्थ सांगणे हे उपचाराचेच अंग होय.

पाहण्याच्या साधनाचेही असेच आहे. कॅमेऱ्याने अधिक दिसते यात शंका नाही, पण अधिक दिसले म्हणून अधिक मुले जन्मतात काय? ब्रिटन आणि हाँगकाँग येथील सात केंद्रांत १५७५ दांपत्यांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे तीन गट करून हे तपासण्यात आले. त्याचा निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. चित्रपट पाहून भ्रूण निवडला काय, किंवा नेहमीच्या पद्धतीने निवडला काय, तिन्ही गटांत जिवंत अपत्यजन्माचे प्रमाण साधारण एक तृतीयांशच राहिले, लक्षणीय फरक पडला नाही. याचे कारण कठीण नाही. निवडीने भ्रूणांचा क्रम बदलतो, भ्रूण बदलत नाही. जेवढे चांगले भ्रूण मुळात असतील तेवढेच राहतात, फार तर त्यांच्यापर्यंत लवकर पोहोचता येते. म्हणून अधिक खर्चाच्या साधनाचा आग्रह धरणाऱ्याने आणि धरवणाऱ्यानेही हा निष्कर्ष नजरेआड करू नये.

'प्रत' या शब्दाला आणखी एक मर्यादा हवी, आणि ती भारतीय कायद्याने घातलेली आहे. भ्रूणाच्या पेशी तपासण्याची विद्या गंभीर रोग टाळण्यासाठी आहे. मुलगा हवा की मुलगी, हे ठरवण्यासाठी ती वापरता येत नाही. लिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला आणि १९९४ मध्ये संसदेने तो साऱ्या देशासाठी केला. २०२१ च्या कायद्याने अशा उपचारकेंद्रांची नोंदणी आणि देखरेख बंधनकारक झाली. पेशींची वाटणी नीट झाली की नाही, हे विचारणे शास्त्राचे काम आहे. वाटणी नीट झालेल्या जीवाला त्याच्या लिंगावरून हलका ठरवणे हे शास्त्राचे काम नव्हे.

बोव्हेरीच्या अर्चिनपासून आजच्या ऊबपेटीतील कॅमेऱ्यापर्यंत सव्वाशे वर्षांचा हा प्रवास एकच गोष्ट शिकवतो. जीवनाच्या पहिल्या वाटणीत चूक होते, वारंवार होते, आणि तिचे परिणाम खरे असतात. बहुतेक वेळा असा भ्रूण पुढे जात नाही, आणि त्यात कोणाचा अपराध नसतो. पण कधी कधी ती चूक भ्रूण स्वतःच सावरतो आणि नऊ महिन्यांनी पाळणा हलतो. पाळण्याआधीचे पाय आता दिसू लागले आहेत हे खरे. ते पाय कोठवर चालतील, हे मात्र चालल्याशिवाय कळत नाही. पहिले पाऊल वाकडे पडलेल्या, तरीही पुढे सरळ चालत आलेल्या बाळाला आपल्या त्या पहिल्या पावलाची वार्ताही नसते, आणि त्याच्या आईला ती आठवण्याचे काही कारण उरत नाही.